गुळाची धिरडी, गरम असताना

आज हप्त्याचं, व्याजाचं, खातेपुस्तकाचं काही बोलायचं नाही. आज धिरड्यांचं बोलू. गुळाची, जाळी पडलेली, वर तूप सोडलेली धिरडी.

आम्ही गटाच्या बैठकीत विचारलं, 'फक्त स्वतःला आवडतं म्हणून शेवटचं गोडधोड कधी केलंत?' बराच वेळ कुणी बोललं नाही. एक म्हणाली, 'आखाडात तळण केलं होतं की.' ते पोरांसाठी. कोकणातून सून आलेली एकजण म्हणाली, 'माहेरी घावन-घाटलं करायचो.' ते गौरीच्या नैवेद्याला. एकटीसाठी कशाला तवा तापवायचा, असं सगळ्यांचंच म्हणणं. आणि केलंच तर खाताना मन खातं: तूप फार झालं, गोड फार झालं, कामं पडलीत.

तर आधी धिरडी करू, मग हिशेब करू.

दोन वाट्या गव्हाचं पीठ, दोन चमचे तांदळाचं पीठ, पाऊण वाटी चिरलेला गूळ, चिमूटभर मीठ, थोडी वेलची नाहीतर बडीशेप. गूळ कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्या. गुळात काडी-खडा असतोच. त्या पाण्यात पीठ गुठळी न ठेवता कालवा. पळीवाढं झालं पाहिजे, पळीतून सहज पडेल पण पाण्यासारखं पळणार नाही इतपत. वीस मिनिटं झाकून ठेवा. पीठ पाणी पितं आणि घट्ट होतं, मग हवं तर पाण्याचा हबका मारा.

तवा बिडाचा असेल तर उत्तम. अर्धा चिरलेला कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवा. तांदळाच्या पिठानं कडा कुरकुरीत होतात. खरी काळजी आचेची. गूळ लवकर करपतो, म्हणून तवा तापला की आच मंद. पीठ पळीनं पसरा, झाकण ठेवा. कडा आपोआप सुटायला लागल्या की कडेनं अर्धा चमचा तूप सोडून उलटा. कडा सुटायच्या आधी उलथणं घातलं तर धिरडं मोडणार. पहिलं कुणाचंही मोडतंच, त्यात सुगरणपणा जात नाही. एवढ्या पिठात दहाएक धिरडी होतात.

आता हिशेब. पाऊण वाटी गूळ म्हणजे साधारण 100 ते 120 ग्रॅम. दहा धिरडी झाली तर एकात 10-12 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की दिवसाला 2000 उष्मांक लागणाऱ्या माणसानं वरून घातलेली साखर आणि गूळ मिळून 50 ग्रॅमच्या आत ठेवावी, 25च्या आत ठेवली तर आणखी बरं. दोन धिरडी म्हणजे 20-24 ग्रॅम. आणि आपला चहा? दिवसाचे तीन कप, कपात दोन चमचे, चमचा 5 ग्रॅमचा धरा. 30 ग्रॅम झाले, तेही रोज. त्या चहाबद्दल कधी कुणाचं मन खाल्लंय का? ज्या दिवशी धिरडी, त्या दिवशी चहा बिनसाखरेचा घ्या. तोही तासाभरानं, कारण जेवणाबरोबरच्या चहानं अन्नातलं लोह अंगी लागायला अडथळा येतो.

एक मात्र ऐका. गुळात लोह असतं म्हणून गूळ कितीही खावा, हे खरं नाही. रक्त वाढायला पालेभाजी, डाळ-उसळ आणि त्यावर पिळलेलं लिंबू लागतं. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांना गूळ काय नि साखर काय, सारखंच. त्यांनी बेसन किंवा मुगाच्या डाळीचं तिखट धिरडं करावं: कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची, वर तेच तूप. चवीला रतीभरही कमी नाही.

आमचं मत विचाराल तर बोचणी गुळातुपाची नाहीच, बसून खाण्याची आहे. धिरडं तव्यावरून थेट ताटात जातं. करणारी तव्याशी उभी, बाकीचे गरम गरम खातात आणि तिच्या वाट्याला शेवटची दोन, गार, वातड. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. उरलंसुरलं खाणं हेही त्यातलं एक कारण आहे.

म्हणून आमच्या गटात ठरलंय: ज्या दिवशी धिरडी, त्या दिवशी तव्याची पाळी. दोन धिरडी काढली की उलथणं दुसऱ्याच्या हातात. नवरा असो, सासूबाई असोत, नववीतला पोरगा असो. त्याचं मोडेल, वाकडं होईल, एखाद्या बाजूनं करपेल. ते त्यालाच खाऊ द्या. तुम्ही तोवर खाली बसा आणि तुमचं संपवा.

घरात कुणीच नसेल तर अर्ध्या वाटीचंच पीठ कालवा. तीन निघतात. एक तव्याशी उभ्यानं चाखायला, दोन ताटात.