पेढीची पत्रे पोहोचतात काय?

व्यापारात मालाच्या खालोखाल महत्त्व वेळेवर पोहोचणाऱ्या वार्तेचे आहे. तुरीचा भाव सकाळी उतरला आणि गिऱ्हाइकास तो सायंकाळी कळला, तर त्या वार्तेला मोल उरत नाही. पूर्वी हे काम पोस्टकार्ड व तार करीत असे. आज अनेक पेढ्या आपले दरपत्रक शेकडो गिऱ्हाइकांना एकदम ई-मेलने धाडतात. परंतु धाडलेले पत्र पोहोचलेच, असे समजू नये. पत्ता न सापडल्यास टपालाचे पाकीट परत तरी येई. येथे पलीकडील यंत्रणा पुष्कळदा पत्र स्वीकारते आणि निमूटपणे ‘स्पॅम’च्या कप्प्यात टाकते. आपण उत्तराची वाट पाहतो. गिऱ्हाईक समजते, पेढी आपल्याला विसरली.

याचे मूळ ई-मेलच्या घडणीतच आहे. १९८२ साली जे नियम ठरले, त्यांत प्रेषक म्हणून कोणाचेही नाव लिहिण्यास अटकाव नव्हता. घाऊक जाहिरातीचा उपद्रव तर त्याहून जुना. १९७८ साली अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या विक्री-अधिकाऱ्याने सुमारे ४०० जणांना एकाच वेळी जाहिरात पाठविली होती. पुढे हा उपद्रव अनावर झाला, तेव्हा प्रेषकाची ओळख पटविणाऱ्या तीन व्यवस्था निघाल्या.

पहिली एसपीएफ. आपल्या नावाने पत्रे टाकण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरांस आहे, याची ही जाहीर यादी होय. दुसरी डीकेआयएम, म्हणजे लाखेची मोहोर. वाटेत मजकूर बदलला तर ती जुळत नाही. तिसरी डीमार्क. पत्रावर दिसणारे प्रेषकाचे नाव या दोहोंपैकी एकाशी तरी जुळले पाहिजे, आणि न जुळल्यास पत्राचे काय करावे, हे ती सांगते. आपल्या पेढीच्या नावाने कोणी भामटा ‘बँकेचे खाते बदलले आहे’ असे पत्र गिऱ्हाइकास धाडील, तर त्यालाही कडक डीमार्कमुळे मोठा आळा बसतो.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने नियम कडक केले. दिवसाला ५,००० किंवा अधिक पत्रे जीमेलच्या पत्त्यांवर धाडणाऱ्यास या तिन्ही व्यवस्था आवश्यक झाल्या. जाहिरातीच्या पत्रात नाव कमी करण्याची एका कळीची सोय हवी आणि ती विनंती दोन दिवसांत अमलात यावी, असेही ठरले. लहान प्रेषकासही एसपीएफ किंवा डीकेआयएम हवेच. शिवाय स्पॅमच्या तक्रारी शेकडा ०.३ च्या आत, शक्यतो ०.१ च्याही आत असाव्यात.

लहान व्यापाऱ्याची खरी अडचण या आकड्यातच आहे. लाख पत्रे धाडणाऱ्या कंपनीला शंभर तक्रारी पचतात. परंतु ३०० गिऱ्हाइकांच्या पेढीविरुद्ध एकाने जरी तक्रार केली, तरी प्रमाण शेकडा ०.३३ होते! दुसरी अडचण सामाईक सर्व्हरची. एकाच वखारीत शेजाऱ्याच्या पोत्यांना सोंडे लागले, तर आपलेही धान्य सुरक्षित राहत नाही. तद्वत् त्याच सर्व्हरवरील दुसऱ्याच्या बदलौकिकाचा फटका आपल्या पत्रांना बसतो.

यावर उपाय आहेत व ते फारसे खर्चिक नाहीत. पेढीच्या नावाचे स्वतंत्र डोमेन घ्यावे. जीमेलच्या मोफत पत्त्याचे नाव घालून तिऱ्हाईत कंपनीच्या सर्व्हरवरून पत्रे धाडू नयेत. ती ओळखीच्या कसोटीस उतरत नाहीत. वरील तिन्ही नोंदी जाणकाराकडून करवून घ्याव्यात. पत्त्यांच्या विकत मिळणाऱ्या याद्या कटाक्षाने टाळाव्यात. त्यांत मृत पत्ते तर असतातच, पण स्पॅम धाडणारा पकडण्यासाठी मुद्दाम पेरलेले पत्तेही असू शकतात. परत आलेले पत्ते खतावणीतील बुडीत खात्यांप्रमाणे वेळच्या वेळी काढून टाकावेत. नवे डोमेन असल्यास प्रथम थोड्या, नियमित गिऱ्हाइकांपासून आरंभ करून संख्या हळूहळू वाढवावी. ज्याने नाव कमी करण्यास सांगितले, त्याचे नाव त्याच दिवशी वगळावे.

सारांश, बाजारात पत जशी वर्षानुवर्षांच्या चोख व्यवहाराने जमते, तशीच ती येथेही जमते. ज्याला आपले दरपत्रक खरोखर हवे आहे, त्यालाच ते धाडावे. अशी शंभर पत्रे हजार अनाहूत पत्रांहून अधिक व्यापार आणतात.