होडीवरचं कापड: पाणी अडवणारं की हवा खेळवणारं?

पश्चिम किनाऱ्यावर 1 जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद होते आणि वर ओढलेल्या होड्यांवर निळी ताडपत्री चढते. आत थेंब जाता कामा नये, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. पण झाकलेल्या लाकडी होडीचा घात पावसापेक्षा आत कोंडलेला दमटपणाच जास्त करतो. ओल्या फळ्यांतून निघालेली वाफ प्लास्टिकला आतून थेंब होऊन लटकते, पुन्हा फळ्यांवर टपकते आणि बुरशीचं फावतं. पीव्हीसीचा लेप दिलेलं पॉलिस्टर दणकट खरं, पण वाफ तेही अडवतं. सुती कॅनव्हास ती जाऊ देतो, भिजल्यावर धागे फुगून त्याची वीणही घट्ट होते. मात्र ओलाच गुंडाळून ठेवला तर कुजतो. धागा तयार होतानाच रंग मुरवलेलं ॲक्रिलिकही वाफ जाऊ देतं, शिवाय कुजत नाही, उन्हात लवकर विटतही नाही. लाकडी होडीला तेच योग्य.

ते महाग पडतं, हा आक्षेप खराच. मग ताडपत्रीच घ्यावी, पण खाली बांबूची कमान उभारून आणि दोन्ही टोकं वाऱ्याला मोकळी ठेवून. फायबरच्या होडीला तेवढं पुरतं. शिलाईत मात्र काटकसर नको: कापड शाबूत असतानाच साधा दोरा उन्हाने तुटतो. ऊन सोसणारा पॉलिस्टरचा जाड दोरा मागून घ्यावा आणि कापड काठावर घासतं तिथे दुहेरी पट्टी लावून घ्यावी.