चर्नी रोड : गवताचा की गावाचा?

2024 च्या जुलैतली गोष्ट. मुंबईतील सात रेल्वे स्थानकांची इंग्रजी आमदानीतली नावे बदलण्याचा ठराव राज्याच्या विधिमंडळात मंजूर झाला होता. करी रोडचे लालबाग, सँडहर्स्ट रोडचे डोंगरी आणि चर्नी रोडचे गिरगाव! सकाळी चहा घेताना आमच्या कन्येने वर्तमानपत्रातून डोके वर काढले आणि विचारले, "बाबा, करी आणि सँडहर्स्ट हे साहेब होते, ते समजलं. पण हा चर्नीसाहेब कोण?"

शब्दांच्या व्युत्पत्ती सांगून वर्गातल्या मुलांना जांभया आणणे, हा माझा वीस वर्षांचा धंदा. पण घरात विद्यार्थी आपण होऊन विचारतो आहे, असा योग क्वचितच येतो. मी सरसावून बसलो.

चर्नी नावाचा साहेब नाहीच. मग चर्नी म्हणजे काय? याला उत्तरे दोन आहेत, आणि दोघांचे एकमेकांशी पटत नाही.

पहिले उत्तर गवताचे. जुन्या मुंबईतली गुरे किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या मैदानावर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या बाजूला, चरत असत. 1838 साली सरकारने तिथे चराईवर पैसे बसवले. ज्याच्या दारात एकुलती एक गाय, त्याने ते आणायचे कुठून? तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांनी पदरचे वीस हजार रुपये घालून ठाकुरद्वारजवळ समुद्राकडेची गवताळ जमीन विकत घेतली आणि ती गुरांना फुकट मोकळी केली. मरीन ड्राइव्हची भर तेव्हा पडायची होती. समुद्र पुष्कळच अलीकडे होता. गुरे चरतात ती चरणी, आणि तिकडचा तो चर्नी रोड! पुढे आगगाडी आली आणि रस्त्याचे नाव स्टेशनाला मिळाले.

दुसरे उत्तर माणसांचे. सॅम्युअल शेपर्ड या पत्रकाराने मुंबईतील स्थळनामांवर 1917 साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात के. रघुनाथजी यांचे मत नोंदले आहे. ठाण्याच्या चेंदणीतली पुष्कळ मंडळी गिरगावात येऊन राहिली, त्यांनी आपल्या वस्तीला गावचेच नाव दिले, आणि चेंदणीची चर्नी झाली, असे ते मत.

"मग खरं कुठलं?" कन्येचा प्रश्न.

भाषेचा कौल गवताकडे झुकतो. पेरणे-पेरणी, कापणे-कापणी, तसे चरणे-चरणी. चेंदणीतला 'द' घालवून तिथे 'र' आणायला जरा ओढाताण करावी लागते. पण ज्या इंग्रजांनी शीवचे सायन केले, त्यांच्या कारकुनाच्या लेखणीला अशक्य ते काय? म्हणून मी निकाल राखून ठेवला. मात्र एक गोष्ट निश्चित. गवताचे असो वा गावाचे, हे नाव साहेबाचे नव्हे. एका उत्तरात गरिबाच्या गाईची सोय आहे, दुसऱ्यात पोटासाठी गाव सोडलेल्या माणसाची आठवण. इंग्रजी आहे तो त्यातला 'रोड' तेवढा!

गिरगाव या नावावर माझा आकस नाही. गिरीच्या, म्हणजे मलबार टेकडीच्या, पायथ्याचे गाव ते गिरगाव, अशी त्याची फोड सांगतात. तेही आपलेच, आणि जुने. पण घरात सून आली म्हणून कोणी लेकीचे नाव विसरत नाही. पाटी बदलावी की न बदलावी, हे सरकार ठरवील. शब्दाचा अर्थ लक्षात ठेवणे मात्र आपल्या हाती आहे.

इतका वेळ माझी आई देवाच्या वाती वळीत मुकाट्याने ऐकत होती. तिचे माहेर गिरगावातल्या चाळीचे. ती म्हणाली, "तुझी ती पुस्तकं राहू देत. वसुबारसेला आमच्या चाळीत गाय कुठली असायला? ठाकुरद्वारच्या नाक्यावर एक बाई गाय घेऊन बसायची. शेजारी गवताच्या जुड्या. आई मला पैसे देऊन पाठवायची. मी जुडी घ्यायची, गाईला चारायची, आणि पाया पडून घरी. मग आमची दिवाळी सुरू."

"म्हणजे आजी, तूच खरी चर्नी रोडची!" नात म्हणाली.

आई हसली. मी मात्र चमकलो. जमशेटजींचे ते कुरण केव्हाच इमारतींखाली गेले. पण त्याच ठाकुरद्वारला चाळीतली एक परकरी पोर, परक्याच्या गाईला घास भरवीत होती. तिला 1838 साल ठाऊक नव्हते, व्युत्पत्तीही ठाऊक नव्हती. नावाचा अर्थ मात्र ती दर वसुबारसेला आपल्या हातांनी जपत होती.

वाचकहो, यंदा फराळाच्या निमित्ताने घरातली वडीलधारी मंडळी एकत्र जमतील. तेव्हा त्यांना त्यांच्या गल्लीच्या, आळीच्या, वाडीच्या नावाचा अर्थ अवश्य विचारा. पाटीवर न मावलेले पुष्कळसे त्यांच्यापाशी असते.