'व्यायाम करता का?' : एका प्रश्नाची चिकित्सा

मधुमेहाच्या वा रक्तदाबाच्या रुग्णास आपण सारेच विचारतो, "व्यायाम करता का?" आदिलाबाद परिसरात मला बहुधा एकच उत्तर मिळत आले आहे : "नाही जी, वेळच नाही भेटत." उत्तर देणारी बाई दिवसभर कापूस वेचून आलेली असते. उत्तर खरे, पण प्रश्न अपुरा!

जागतिक आरोग्य संघटनेची 'जीपॅक' ही सोळा प्रश्नांची प्रश्नावली हा अपुरेपणा टाळते. काम, ये-जा आणि फावला वेळ यांतील हालचाल ती निरनिराळी विचारते. बैठ्या वेळाचाही हिशेब मागते. समजा, ही बाई आठवड्यातून सहा दिवस शेतापर्यंत जाऊन-येऊन रोज एक तास चालते. ३६० मिनिटांना ४ 'मेट' या मूल्याने गुणले, की १४४० होतात. किमान अपेक्षा ६०० ची. वेचणी अजून मोजलीच नाही!

आयसीएमआर-इंडियाब पाहणीत हीच प्रश्नावली वापरली गेली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तामिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड व चंडीगड येथील ५४.४ टक्के प्रौढ निष्क्रिय आढळले. फावल्या वेळात व्यायाम करणारे दहा टक्क्यांहूनही कमी होते. म्हणजे आपल्याकडील हालचाल मुख्यत्वे कामातच दडलेली आहे.

अर्थात, प्रश्नावली म्हणजे तराजू नव्हे. माणूस श्रम वाढवून सांगतो, बसणे विसरतो. 'जीपॅक' नेहमीच्या आठवड्याविषयी विचारते. परंतु वेचणीच्या हंगामातील आठवडा आणि वैशाखातील आठवडा सारखे कसे असतील? म्हणून दोन्ही हंगामांविषयी विचारावे. 'मध्यम श्रम' हा शब्द मराठी, तेलुगू, गोंडी वा उर्दू बोलणाऱ्यास सारखाच कळेल, असेही नाही. "धाप थोडी लागते की फार?" असे विचारून निंदणी, डवरणी, पाणी वाहणे अशी उदाहरणे द्यावीत. दहा मिनिटांहून लहान हालचालही मोजावी. संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनाने ती अट काढून टाकली आहे.

व्यवसायबंधूंनो, प्रश्न चुकला की सल्लाही चुकतो. राबून थकलेल्या बाईला आपण फिरायला सांगतो, आणि दिवसभर गादीवर बसणारे दुकानदार "धावपळ फार" म्हणून सुटतात! पहिलीला वेळेवर जेवण, औषध व विसावा हवा; दुसऱ्याला आठवड्यास किमान १५० मिनिटांचे चालणे. तपासणीच्या कागदावर काम, ये-जा, फावला वेळ आणि बैठक या चार ओळी वाढविल्या, तरी हा भेद आपणांस दिसू लागेल.