लोखंडावरील खपली आणि तेजाबाची खरेदी

ज्या घरांत एके काळी तराजू आणि खतावणी एवढीच आयुधे होती, त्या घरांतील तरुण मंडळी आता परसातील खोलीत ऐरण, शेगडी आणि लेथ मांडून बसलेली दिसतात. बेळगावसारख्या ओतकामाच्या गावी हे नवल नव्हे. या मंडळींचा एक प्रश्न वारंवार आमच्या कानी येतो. तापविलेल्या पोलादावरील खपली काढण्यासाठी तेजाब आणावे कोठून?

प्रथम ही खपली म्हणजे काय ते पाहू. पोलाद लाल होईतो तापले, की हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होऊन निळसर करड्या रंगाचा कठीण थर जमतो. हा गंज नव्हे. गंज भुसभुशीत असतो, हा थर कानशीला दाद देत नाही. आमच्या धंद्यातील उपमा द्यायची तर, खपली गव्हाचे टरफल जसे साध्या मळणीने सुटत नाही, तसेच हे. वर रंग दिला तर कालांतराने खपलीसकट रंग सुटतो.

कारखान्यांत यासाठी मिठाचे तेजाब, म्हणजे हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, किंवा गंधकाचे तेजाब वापरतात. पहिले थंड असतानाही काम करते, परंतु त्याची वाफ खोलीतील प्रत्येक हत्यारावर गंज चढविते. दुसरे ऊन करावे लागते, आणि ऊन गंधकाम्ल घरात नसलेलेच बरे.

आमच्या मते घरच्या कामाला किराणा दुकानातील लिंबूसत्त्व, म्हणजेच सायट्रिक अ‍ॅसिड, पुरेसे आहे. एक लिटर गरम पाण्यात 50 ते 100 ग्रॅम विरघळवून प्लास्टिकच्या बादलीत पोलाद रात्रभर बुडवून ठेवावे. सकाळी तारेच्या ब्रशने खपली सुटते. साध्या शिरक्यानेही हे काम होते, मात्र वेळ अधिक लागतो. उतावीळ माणसाला हे रुचणार नाही.

ज्यांस तीव्र तेजाबच हवे, त्यांनी ते रीतसर घ्यावे. तेजाबहल्ल्याला बळी पडलेल्या लक्ष्मी यांच्या 2006 सालच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2013 रोजी निर्देश दिले. विक्रेत्याने नोंदवही ठेवून गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता व विकलेले प्रमाण लिहावे, पत्ता असलेले सरकारी छायाचित्र-ओळखपत्र पाहावे, खरेदीचे कारण विचारावे. 18 वर्षांखालील व्यक्तीस विकू नये. साठा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांस कळवावा. न कळविलेला साठा जप्त होऊन 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आमच्या सभासदांपैकी रंग, हार्डवेअर व रसायनांचे व्यापारी हे नियम जाणतात. अडचण येते ती ओळखीच्या गिऱ्हाइकापाशी. व्याह्यांचा पुतण्या पाण्याची रिकामी बाटली घेऊन येतो. त्याला ओळखपत्र मागणे जड वाटते, वही उघडली जात नाही. आपल्या श्रावकाचारात पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य गणले आहे, हे येथे आठवावे. कारखान्यांची गरज पाहता हा व्यापार सर्वस्वी टाळणे आज कोणास शक्य असेल, कोणास नसेल. परंतु पाण्याच्या बाटलीत तेजाब भरून देणे हे तर कोणत्याच हिशेबात बसत नाही. त्या बाटलीला तहानलेले मूल तोंड लावू शकते. व्याह्यांचा रुसवा परवडला.

वापरणाऱ्यांसाठी चार शब्द. तेजाब पाण्यात ओतावे, पाणी तेजाबात कधीही ओतू नये. डोळ्यांवर चष्मा, हातांत रबरी मोजे आणि काम उघड्या हवेत. जवळ ब्लीचिंग पावडर नसावी. दोहोंच्या संयोगाने विषारी क्लोरीन वायू निघतो. पाणी दिलेल्या स्प्रिंगा व पाती तीव्र तेजाबात बुडवू नयेत, कारण उत्पन्न होणारा हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ करतो. उरलेले द्रावण परसात ओतल्यास मातीतील किडामुंगीचा घात होतो. म्हणून त्यात फसफसणे थांबेतो धुण्याचा सोडा थोडाथोडा टाकावा. पोलादही सोड्याच्या पाण्यात बुचकळून, स्वच्छ धुऊन, कोरडे पुसून लागलीच तेलाचा हात द्यावा. नाहीतर घटकाभरात त्यावर तांबूस गंज चढलेला दिसतो.