चाळीच्या गॅलरीसाठी भाजीचा स्टँड: ऑर्डर घेण्याआधी जिना मोजा



प्रशिक्षण संपल्यावर लालबागच्या एका मुलाने पहिलीच ऑर्डर घेतली. भाजीच्या कुंड्यांसाठी तीन पायऱ्यांचा लाकडी स्टँड, चार फूट रुंद, खिळे ठोकून एकदम पक्का. चाळीच्या जिन्यात पहिल्याच वळणावर तो अडकला. शेवटी तिथेच करवत लावावी लागली. दोन दिवसांची मेहनत गेली आणि गिऱ्हाईकही. म्हणून आज सुतारकामाच्या आधी मोजमापाचं बोलू.

शहरात भाजी पिकते, हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्याचं खत करून ती पिकवून दाखवली. पण गिरगाव-परळच्या चाळीत स्वतःची गच्ची कुठली? असते ती सामाईक गॅलरी, आणि तिथून शेजाऱ्यांची ये-जा चालू. त्यामुळे स्टँड 18 इंचांपेक्षा जास्त पुढे येता कामा नये. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या केल्या की बरोबर बसतं. रुंदी मात्र दार आणि खिडकी यांच्यामधली भिंत मोजूनच ठरवा. बहुतेक ठिकाणी तीन फूट पुरतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वजन. एक लिटर माती-खताचं मिश्रण भिजलं की साधारण एक किलो भरतं, निव्वळ माती असेल तर त्याहून जास्त. आठ इंची कुंडीत चारेक लिटर मावतं. एका पायरीवर चार, म्हणजे बारा कुंड्या. कुंड्यांसकट 50-60 किलो झाले. याच जागी बारा इंची कुंड्या ठेवल्या तर वजन तिपटीच्याही पुढे जातं! गिरगावातल्या कित्येक जुन्या चाळींच्या गॅलऱ्या लाकडी तुळयांवर पुढे आलेल्या आहेत. म्हणून स्टँड भिंतीला टेकवूनच ठेवायचा, कठड्याकडे कधीच नाही. पायऱ्या असल्यामुळे भिंतीपाशीही प्रत्येक ओळीला उजेड मिळतो. सपाट मांडणीत मागची रोपं झाकली जातात. दरवर्षी पावसाळ्याआधी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. त्या यादीतली इमारत असेल किंवा गॅलरीला टेकू लावलेले दिसले, तर ऑर्डर सोडून द्या. पैसे बुडाले तरी चालतील.

गिऱ्हाईक टोमॅटोचा हट्ट धरणारच. त्याला मोठी कुंडी लागते, ती एकच, खाली जमिनीवर भिंतीलगत. स्टँडवर मिरची, पालक, कोथिंबीर. आणि समुद्रमेथी विसरू नका, तिला पसरट ट्रे पुरतो.

बनवताना सगळं सुटं ठेवा: बाजूच्या दोन चौकटी, तीन फळ्या, मागे एक तिरकी पट्टी. ही पट्टी वाचवू नका, तिच्याशिवाय स्टँड डुलतो. जोडणी नट-बोल्टने, खिळ्यांनी नाही. सगळे भाग बांधून एकच माणूस जिना चढतो आणि वर जाऊन जोडतो. रे रोडच्या वखारीत पाइनच्या फळ्या मिळतात. मुंबईच्या पावसात त्या कापलेल्या टोकांपासून कुजायला लागतात. म्हणून जोडण्याआधीच टोकांना आणि खालच्या बाजूला जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्या. पायांना रबरी बूट घाला.

आता भाव. आपली मुलं काय करतात, तर लाकडाच्या पैशांची दुप्पट करतात आणि मोकळी होतात. समजा, लाकूड 700, बोल्ट-तेल 250, तुमची एक दिवसाची मजुरी 900, टेम्पो आणि वर चढवणं 350. झाले 2200. दुप्पटवाल्याने 1400 सांगितले, म्हणजे 800 खिशातून गेले आणि त्याला ते कळलंही नाही. 25 टक्के नफा धरला तर भाव 2750 येतो. हे आकडे उदाहरणाचे, तुमच्या वखारीत विचारून स्वतःचे भरा. निम्मे पैसे आधी घ्या, पण जिना आणि गॅलरी बघून आल्यावरच.

एक नमुना स्टँड रोपांसकट घरी तयार ठेवा. भायखळ्याच्या राणीच्या बागेत महापालिकेचं फुलं-फळं-भाज्यांचं प्रदर्शन भरतं, तिथे एकदा नुसते फिरून या. लोक कुंडीसमोर उभे राहून काय विचारतात ते वहीत लिहून आणा. "आमच्याकडे जागा नाही हो" हे वाक्य किती वेळा ऐकू येतं, तेही मोजा.