उलटे वाहणारे तेल

आसामातील नाहरकटियापासून बिहारमधील बरौनीपर्यंत ११५७ किलोमीटरची तेलवाहिनी १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात टाकली गेली. आसामचे तेल आसामातच शुद्ध व्हावे, यासाठी १९५६-५७ मध्ये तेथे मोठे आंदोलन झाले होते. तडजोड म्हणून गुवाहाटीजवळ नूनमतीला लहान शुद्धीकरण कारखाना मिळाला, मोठा बरौनीला गेला. तेल पश्चिमेकडेच वाहणार, हे तेव्हा सर्वांनी गृहीत धरले होते. पुढे आसामातील चार कारखान्यांना तेथील विहिरींचे तेल पुरेनासे झाले आणि याच वाहिनीचा बरौनी-बोंगाईगाव हा भाग उलटा चालवून परदेशी तेल आसामात न्यावे लागले.

हा इतिहास आठवतो तो पारादीप-नुमालीगड वाहिनीच्या निमित्ताने. नुमालीगड कारखान्याची वार्षिक क्षमता ३० लाख टनांवरून ९० लाख टनांवर नेण्यास केंद्राने जानेवारी २०१९ मध्ये मंजुरी दिली. वाढीव क्षमतेसाठी लागणारे कच्चे तेल ओडिशाच्या किनाऱ्यावर उतरवून सोळाशेहून अधिक किलोमीटर आत न्यायचे आहे. संपूर्ण प्रकल्पाचा मूळ अंदाज २२,५९४ कोटी रुपयांचा होता. तो पुढे २८ हजार कोटींवर गेला. मूळ आराखड्यात केंद्राचे १,०२० कोटींचे तूट-अनुदानही धरले होते. म्हणजे केवळ व्यापारी हिशेबावर हे गणित जुळत नव्हते, हे सरकारलाही मान्य होते.

वाहिनीची बाजू भक्कम आहे. रेल्वेचे टँकर तेल पोहोचवून रिकामे परततात, वाहिनीला परतीचा प्रवास नाही. पुरात रूळ वाहून गेले तरी जमिनीखालची नळी बहुधा चालू राहते. एकदा भांडवल गुंतले की टनामागचा चालू खर्च थोडा असतो, पण नळी भरलेली असेल तरच. ती अर्धी रिकामी राहिली तरी कर्जाचे हप्ते पूर्णच द्यावे लागतात. रेल्वेचा टँकर उद्या दुसऱ्या मार्गावर पाठवता येतो, पुरलेली नळी हलवता येत नाही.

खरी अडचण मात्र पुढची आहे. नुमालीगडचे आजचे उत्पादनही सगळे ईशान्य भारतात खपत नाही. ते बाहेर काढण्यासाठी सिलीगुडीपर्यंत ६५४ किलोमीटरची वेगळी वाहिनी पूर्वीच टाकलेली आहे. म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरचे तेल सिलीगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्यातून पूर्वेला न्यायचे आणि त्याचे डिझेल करून पुन्हा त्याच पट्ट्यातून पश्चिमेला आणायचे! शेजारी देशांच्या बाजारपेठेचा आधार सांगितला जातो. सिलीगुडीहून बांगलादेशातील पार्बतीपूरला जाणारी १३१.५ किलोमीटरची वाहिनी मार्च २०२३ मध्ये सुरू झाली. तिची वार्षिक क्षमता १० लाख टन आहे. पुढच्याच वर्षी ढाक्यात सत्तापालट झाला. अशा ग्राहकाच्या भरवशावर चाळीस वर्षांचा हिशेब मांडणे धाडसाचे आहे.

माझे मत असे की, आक्षेप वाहिनीवर नाही, तिच्या टोकाशी वाढवलेल्या क्षमतेवर घ्यायला हवा. एकदा ती क्षमता मान्य केली की तेल नळीने नेण्याला पर्याय उरत नाही. आसामला रोजगार आणि महसूल मिळावा, हे राजकीय उद्दिष्ट योग्यच आहे. त्याची किंमत मात्र वाहतुकीच्या बचतीत लपवू नये, अर्थसंकल्पात उघड दाखवावी.

या हिशेबातला एक आकडा चर्चेत कधीच येत नाही. १९६२च्या पेट्रोलियम वाहिनी कायद्यानुसार शेतकऱ्याची जमीन संपादित होत नाही, फक्त वापराचा हक्क घेतला जातो. पिकाच्या नुकसानीव्यतिरिक्त त्याला बाजारभावाच्या १० टक्के रक्कम एकदाच मिळते. त्यानंतर त्या पट्ट्यावर त्याला घर बांधता येत नाही, झाड लावता येत नाही. वाहिनी स्वस्त पडते त्यात याही स्वस्ताईचा वाटा आहे. वाहून गेलेल्या प्रत्येक टनामागे काही रक्कम त्याला दरवर्षी भाडे म्हणून द्यायची ठरवली, तर त्या कायद्याच्या दहाव्या कलमात दुरुस्ती करावी लागेल.